रिसर्चचा डेटा ठेवायचा कुठे? झेनोडो, ड्रायड की डेटावर्स

पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला आणि जर्नल विचारतंय डेटा कुठे ठेवलाय, तर दापोलीला कृषी विद्यापीठात शिकणारी पोरं असोत नाहीतर सिंधुदुर्गात लेप्टोचे पेशंट बघणारे डॉक्टर, बरेच जण लिहून मोकळे होतात, "मागितला तर देऊ". ते नकोच. 2022 मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं लिहिलेल्या 1,792 पेपरांच्या लेखकांकडे खरंच डेटा मागून बघितला, मिळाला फक्त 122 पेपरांचा.

झेनोडो, ड्रायड आणि डेटावर्स या डेटा ठेवायच्या वेबसाइट. आंबा-काजूचा डेटा असेल तर सरळ झेनोडो. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेचं आहे, 2013 पासून चालू, फुकट, एका रेकॉर्डला 50 जीबी आणि डीओआय (डेटाचा कायमचा ओळख नंबर, पेपरात देता येतो) लगेच. मोहोर कधी आला, तुडतुडे किती, कुठली फवारणी केली, कलमागणिक फळं किती धरली, याची एक्सेल शीट एवढीशी असते. भानगड एकच, तिथे तपासणारं कोणी नाही, कॉलमला टी-1 टी-2 लिहून टाकलंत तर ते तसंच राहतं आणि पाच वर्षांनी तुम्हालाच कळत नाही ते काय होतं. इथे ड्रायड भारी, त्यांची माणसं फाइल उघडून बघतात, काही कमी असेल तर विचारतात. पण पैसे पडतात (जर्नलने भरले तर वाचले), आणि लायसन्स सीसी-झिरोच, म्हणजे कुणीही कसाही वापरावा, आपले हक्क सोडलेले. थीसिस कृषिकोशात (कृषी विद्यापीठांच्या थीसिसच्या ऑनलाइन साठ्यात) आहे की, असं म्हणाल, पण पीडीएफमधलं टेबल परत टाइप करत कोण बसणार?

पेशंटचा डेटा आला की मात्र माझं मत पूर्ण फिरतं. नाव काढलं म्हणजे झालं असं आपल्याकडे होत नाही हो, वीस-पंचवीस घरांची वाडी, त्यात भातलावणीच्या दिवसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झालेला 52 वर्षांचा पुरुष, एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला कळतं कोण ते. दोडामार्गकडच्या माकडतापाचंही तेच, काजूच्या बागेत जाणारी माणसं मोजकी. म्हणून वाडी काढून तालुका ठेवा, वयाचे गट करा, तारखेऐवजी महिना, आणि तरीही फाइल उघडी नको. हार्वर्ड डेटावर्समध्ये माहिती सगळ्यांना दिसते पण फाइल रिस्ट्रिक्ट करता येते, मागेल त्याला बघून परवानगी द्यायची. झेनोडोतही हे जमतं. ड्रायडमध्ये असं कुलूप नाही, त्यामुळे इथे तो बादच. आणि संमतीपत्रात डेटा शेअर करण्याची ओळ नसेल तर आधी एथिक्स कमिटी, वेबसाइट मग.

जनावरांच्या डेटाला लोक हलक्यात घेतात. कोकण कन्याळ शेळीला कसली प्रायव्हसी, पण कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर थेट मालकापर्यंत जातो. तो उडवा, गोठ्याचं जीपीएस उडवा, मग खुशाल झेनोडोवर टाका.

जिवाणूचं सिक्वेन्सिंग केलं असेल तर ते यातल्या कशातच नाही, जेनबँकेत (जनुकीय सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) टाकायचं आणि तिथे मिळणारा ओळख नंबर (अ‍ॅक्सेशन नंबर) पेपरात द्यायचा.