मोटरहोम घेऊन डोंगरात: महाबळेश्वरची बाजू की कोयनेची?

मी साताऱ्याचा. त्यामुळे दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. हल्ली त्यात एक नवीन प्रकार आलाय: "कॅराव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेलं मोटरहोम, भाड्यानं घेतोय, तीन-चार रात्री हाताशी आहेत, कुठल्या बाजूला येऊ?" मागोमाग काय काय बघायचं त्याची यादी. मी यादी बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, गाडी रात्री कुठं लावणार? बघायला दोन्हीकडे भरपूर आहे. पण सहा-सात मीटर लांब आणि टपावर एसी बसवल्यावर तीन मीटरच्या आसपास उंच झालेली गाडी सपाट जागी उभी करायची म्हटली, की दोन्ही बाजूंचा फरक लख्ख दिसतो.

एक बाजू म्हणजे सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि परत. दुसरी म्हणजे सातारा, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर. गंमत अशी की दोन्ही टोकांना पाणी एकच. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरलं की जो शिवसागर जलाशय दिसतो, तोच खाली कोयनानगरला धरणाच्या भिंतीशी अडलेला आहे. नकाशा बघून "मग काठाकाठानं जाऊ की" असं कोणालाही वाटेल. पण मध्ये कोयना अभयारण्याचं जंगल आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलेलं. मोठी गाडी घेऊन या टोकाहून त्या टोकाला जायचं तर मुकाट्यानं साताऱ्याला परत यायचं आणि हायवे धरायचा. म्हणून एका खेपेत दोन्ही बसवायचा हट्ट नको.

चढ आणि उतार

वाई सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, पाचगणी तेराशेच्या जवळ. मधला पसरणी घाट जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा. म्हणजे तेवढ्यात साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. रस्ता चांगला आहे, एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्या दिवसभर वरखाली करतात. माझा एक साधा निकष आहे: जिथं मोठी एसटी रोज जाते तिथं मोटरहोम जातं. फक्त एसटीचा ड्रायव्हर ते वळण आयुष्यभर घेत आलेला असतो आणि आपण पहिल्यांदा घेत असतो, एवढं लक्षात ठेवायचं. पाचगणी ते महाबळेश्वर हे पुढचे एकोणीसेक किलोमीटर त्या मानानं सोपे, कारण डोंगराचा माथा तोवर गाठलेला असतो.

चढताना गाडी फार तर कुरकुरते. खरी परीक्षा उतरताना. पहिल्या खेपेला मी पसरणी उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलो आणि घाट संपायच्या आत जळका वास आला. टाकीत शंभर लिटर पाणी भरलेलं होतं, म्हणजे शंभर किलो ओझं मी उगाच वरून खाली आणत होतो. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. बरोबरचा एक जण चाकावर पाणी ओतायला निघाला होता, त्याला अडवलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते वाकतं, तडकतं. तेव्हापासून ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि उतरायच्या आधी पाण्याची टाकी लागेल तेवढीच ठेवायची.

महाबळेश्वरहून साताऱ्याला यायला केळघर घाट आणि मेढा हा जवळचा रस्ता आहे, पंचावन्न-साठ किलोमीटरचा. कारनं मी नेहमी तोच घेतो. मोटरहोमनं नाही. वळणं आवळ आहेत आणि समोरून ट्रक आला तर मागं घ्यायची वेळ येते. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, म्हणजे उतरताना थांबायचं आपणच. लांबचा असला तरी आलात तसे पसरणीनंच परत जा.

कोयनेकडे हे प्रकरणच वेगळं. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कऱ्हाड-पाटण-कोयनानगर रस्ता नदीच्या या पूर्वेकडच्या खोऱ्यातूनच जातो. डोंगर कापायचं काम नदीनं आधीच करून ठेवलंय. साठेक किलोमीटरमध्ये घाट म्हणावा असा घाट नाही, दोन्ही बाजूंना सह्याद्री आणि मधून सरळसोट वाट. पहिल्यांदाच एवढी गाडी हातात घेणाऱ्याला याहून बरा सराव मिळायचा नाही. कुंभार्ली घाट लागतो तो कोयनानगरच्या पुढं, चिपळूणकडे उतरताना. तो अवजड ट्रकांचा घाट आहे. कोकणात जायचंच नसेल तर कोयनानगरहून मागं फिरा.

रात्र

महाबळेश्वर-पाचगणीत हॉटेलं ढिगानं, पण ती डोंगराच्या उतारावर कारच्या मापानं बांधलेली. आवारात शिरायची कमान बुटकी, आतलं पार्किंग तिरकं. एका ठिकाणी "या, या, जागा आहे" म्हणून फोनवर सांगितलं, आणि गेटात टपावरचा पंखा फांदीला अडकून त्याचं झाकणच निघालं. जागा होती, ती मारुतीपुरती. फोनवर तीनच गोष्टी विचारा: गेटची उंची किती, जागा सपाट आहे का, आणि सोळा अँपिअरचा प्लग गाडीपर्यंत पोचेल का.

त्या प्लगचं महत्त्व उन्हाळ्यात कळतं. गाडीत बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तिच्यात साधारण अडीच युनिट वीज मावते. एसी तासाला एक युनिट खातो असं धरलं तरी दोन-अडीच तासांत खेळ खलास. नोव्हेंबर ते जानेवारी हा प्रश्नच येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत दवसुद्धा गोठतं. मग उलटा मोह होतो, आत शेगडी पेटवून झोपायचा. ते कदापि करू नका. बंद गाडीत शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूचा वासही येत नाही आणि माणूस उठत नाही.

कोयनेकडे हॉटेलं कमी, पण अंगणं मोठी. पाटण-कोयनानगर पट्ट्यात विचारून, पैसे ठरवून एखाद्याच्या शेताच्या कडेला किंवा हॉटेलच्या मोकळ्या आवारात गाडी लावता येते. मात्र जंगलाच्या हद्दीत किंवा धरणाच्या आसपास "छान जागा आहे" म्हणून रात्री थांबायचं नाही. तिथं हटकतील आणि ते बरोबरच आहे. अंधार पडला की दुकानं मिटतात, त्यामुळे भाजी, दूध, डिझेल सगळं कऱ्हाडलाच. सांजवेळी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, चक्कर मारून, भेळ खाऊन पुढं निघायचं ठरवलंत तर मात्र कोयनानगर अंधारात गाठावं लागेल. त्यापेक्षा पहिली रात्र कऱ्हाडलाच काढा.

कधी

पावसाळ्यात दोन्हीकडे नको, हे माझं ठाम मत. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आंबेनळी घाट खचला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. आषाढ-श्रावणात उताराखाली उभ्या केलेल्या गाडीत झोपणं याला मी हौस म्हणणार नाही.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुलं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणून कास धरूनच मोटरहोमचा बेत आखणारे खूप. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे, हंगामात प्रवेशावर बंधनं असतात आणि गाड्या नेमून दिलेल्या जागीच लावाव्या लागतात. त्यात साताऱ्यातलं समर्थ मंदिर सोडल्याबरोबर यवतेश्वरचा चढ अंगावर येतो आणि शनिवार-रविवारी त्यावर रांग. मोटरहोम साताऱ्यात लावा आणि पंचवीस किलोमीटर दुसऱ्या गाडीनं जाऊन या. वापरलेलं पाणी वाटेत कुठंही सोडू नका, पठारावर तर नाहीच.

सांगलीकरांसाठी तिसरा पर्याय आहे: पेठनाका, शिराळा, चांदोली. वारणेच्या खोऱ्यातला रस्ता, तोही कोयनेसारखाच सौम्य. पण राष्ट्रीय उद्यानाच्या आत आपली गाडी घेऊन मुक्काम नाही, त्यामुळे एका रात्रीपुरतं ठीक.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, डॉक्टर-औषधं जवळ हवी असतील, तर महाबळेश्वर. गेटची उंची विचारून, शनिवार-रविवार टाळून. गाडी चालवणारा नवखा असेल किंवा गर्दीचा कंटाळा असेल तर कोयना. पाहुण्यांना मी हल्ली सांगतो तो बेत असा: नोव्हेंबरचा शेवट, पहिली रात्र कऱ्हाड, दोन कोयनानगर, आणि चौथ्या दिवशी हात बसला असं वाटलं तरच वाई गाठायची. तिथं मेणवलीच्या घाटावर संध्याकाळ काढून, सकाळी नऊच्या आत, अर्ध्या रिकाम्या पाण्याच्या टाकीनिशी पसरणी चढायचा.