एसी लोकलचा पास, डोंबिवली ते सीएसएमटी: सात महिने वापरून

आधीच सांगते, हा पास मी गारव्यासाठी काढला नव्हता. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीवही गेले. मी रोज त्याच वळणावरून जाते, आणि लेडीज डब्यात काय लटकत नाही असं थोडंच आहे, दिव्यानंतर माझाही एक पाय कितीदा दारातच असायचा. त्या संध्याकाळी घरी पोचले तर सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या, नवरा म्हणाला दार बंद होणारी गाडी पकड, पैशाचं नंतर बघू. दुसऱ्याच आठवड्यात तीन महिन्यांचा पास काढला. साध्या सेकंड क्लासच्या पासाच्या कितीतरी पट पैसे जातात, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. मे २०२२ मध्ये एसीचं सिंगल तिकीट जवळपास निम्म्यावर आणलं होतं ना, त्यात पासवाल्यांना काही मिळालं नाही.

सकाळची गाडी चांगली आहे. खरंच चांगली. आठच्या सुमाराला येते, नेमकी वेळ सांगत नाही, आधीच गर्दी कमी नाहीये. सीट मिळत नाही पण उभं राहायला धड जागा मिळते, केस विस्कटत नाहीत, डब्याची पिशवी चेपत नाही आणि दार बंद झालं की मुंब्रा येतं-जातं कळत पण नाही. पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत सुटले होते, अगं घे पास, माणसासारखं जाता येतं.

मग संध्याकाळ सुरू झाली.

संध्याकाळी सीएसएमटीला इंडिकेटरवर माझी गाडी असते, त्यापुढे एसी लिहिलेलं असतं, पाच मिनिटं आधीपर्यंत असतंच, आणि मग अनाउन्समेंट होते की आज एसी लोकलच्या जागी साधी लोकल धावेल. किंवा रद्द. किंवा काहीच अनाउन्समेंट नाही, समोर बिनएसीची गाडी येऊन उभी राहते आणि प्लॅटफॉर्मवरचे आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघतो. महिन्यात चार-पाच वेळा तरी हे होतं, पावसाळ्यात जास्त. रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडीच, बिघडला म्हणतात. साध्या गाड्यांच्या मानाने एसीच्या गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे एक रेक आजारी पडला की त्याच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या गेल्या, आणि पुढची एसी कधी तर बऱ्याच वेळाने, तीही येईल याची खात्री कुणी देत नाही.

आता तुम्ही म्हणाल एसीचा पास साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासला चालतो की. चालतो, बरोबर आहे, आणि तेवढ्यासाठीच मी पास अजून फाडून टाकला नाहीये. पण संध्याकाळी सहा-साडेसहाच्या फास्टला लेडीज फर्स्ट क्लास म्हणजे केवढुसा कप्पा, त्यात रद्द झालेल्या एसीमधल्या आम्ही सगळ्याजणी घुसायला बघतो, आणि रोजच्या फर्स्टवाल्या आमच्याकडे अशा बघतात जसं काही आम्ही पाहुण्यांच्या पंगतीत न बोलावता बसलोय. त्यांचंही चुकत नाही. आणि दार? उघडंच. ज्याच्यासाठी एवढे पैसे भरले नेमकं तेच नाही.

उशिराचं मला इतकं वाईट वाटत नाही, खोटं नाही सांगत. लोकलच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं उशीर अंगवळणी पडलेला असतो. मला त्रास होतो तो आज काय होणार हे न कळण्याचा. माझी मुलगी पाळणाघरात असते, ते साडेसातला बंद होतं. गाडी रोज वीस मिनिटं लेट असती तर मी ऑफिसमधून वीस मिनिटं आधी निघाले असते, बॉसशी एकदा काय ते भांडले असते आणि विषय संपला असता. पण चार दिवस गाडी अगदी टायमात आणि पाचव्या दिवशी गायब, मग काय करायचं? रोज आधी निघता येत नाही. पाळणाघरातल्या ताई चांगल्या आहेत, पैसे वगैरे लावत नाहीत, पण सव्वाआठला मी पोचते तेव्हा लेक बूट घालून, दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेली असते आणि ताई आतले दिवे बंद करून उभ्या असतात. सॉरी म्हणून म्हणून माझी आता सॉरीचीच अनाउन्समेंट झालीये, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोतवाली.

आणि बिघाडाचंच कारण असतं असं पण नाही. आमच्या लाईनीवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल एकमेकींच्या पायात येतात. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या काढायला ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली तेव्हा किती आनंद झाला होता आम्हाला, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत अजून नाही, म्हणजे बाटली मध्ये रुंद केली आणि तोंड तसंच ठेवलं. दिव्याच्या फाटकाचं तर मी बोलतच नाही. गाड्यांना जायचंय आणि रिक्षा-टेम्पोंनाही जायचंय, फाटक बंद होईपर्यंत लोकल उभी, तिच्यामागची पण उभी.

एसीची स्वतःची वेगळी कटकट म्हणजे दार. ठाण्याला माणसं कोंबून घेतात, शेवटच्याची बॅग बाहेर राहते, दार लागत नाही, दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही. मग आतले ओरडतात उतर, तो म्हणतो तुम्ही आत सरका, आत सरकायला जागा असती तर आम्ही अशा श्वास रोखून उभ्या असतो का! साधं तिकीट घेऊन चढणारेही बरेच असतात, पुढच्याच स्टेशनला उतरायचंय म्हणतात आणि डोंबिवलीला माझ्यासोबत उतरतात. सात महिन्यांत संध्याकाळी टीसी मला तीनदा दिसला, तिन्ही वेळा पास माझाच तपासला.

जुलैमध्ये एकदा मुलुंड-ठाण्याच्या मध्ये एसीच बंद पडला. खिडक्या उघडत नाहीत, दारं बंद, डबा खच्चून भरलेला. दहाच मिनिटं असतील पण एका मुलीला चक्कर आली, कुणीतरी दारावर बुक्के मारायला लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की उघडं दार बरं होतं. आणि लगेच मुंब्रा आठवलं. असं दोन्हीकडून अडकल्यासारखं होतं बघा.

१९ ऑगस्टचा हिशोब मी धरत नाही, त्या दिवशी पावसाने सीएसएमटी-ठाणे बंदच होतं, त्याला कुणी काय करणार. ६ नोव्हेंबरला संध्याकाळी सीएसएमटीला कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे गाड्या जवळजवळ तासभर थांबल्या, ते पण मुंब्र्याच्याच केसवरून. म्हणजे ज्या अपघातामुळे मी हा पास काढला त्याच अपघातामुळे मी पास हातात घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी. हसावं की रडावं.

एक गोष्ट मात्र एसीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने बोलायला हवी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळव्याला, बदलापूरला लोक चिडले, साध्या गाड्या काढून एसी घातल्या म्हणून, आणि दहा फेऱ्या परत साध्या कराव्या लागल्या. तेव्हा मी साध्या गाडीत होते आणि मनातून त्यांच्याच बाजूची होते. आजही त्यांचं खोटं वाटत नाही. ज्याला हा पास परवडत नाही त्याची गाडी काढून माझी एसी आली असेल तर माझ्या तक्रारीला त्याने का कान द्यावा? पण मग निदान जी आणलीये ती तरी रोज चालवा ना.

कुणी घ्यावा? सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी कधीही परत आलं तर चालतं, घरी कुणी ताटकळत नाहीये, त्यांनी खुशाल घ्या. रविवारी कामाला जाणाऱ्यांनी आधी टाईमटेबल नीट बघा, सुट्टीला बऱ्याच एसी फेऱ्या साध्या गाडीने चालतात. आणि तीन महिन्यांचा घेऊ नका, थोडे पैसे वाचतात म्हणून मी दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यात पस्तावले. महिन्याचाच घ्या. ऑफिसमधून निघण्याआधी एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवरची चॅट बघा, रद्द झालेली गाडी अनाउन्समेंटच्या आधी तिथे कळते, कुणीतरी बिचारी भायखळ्याला उभी राहून टाईप करत असते.

मी या महिन्यापासून महिन्याचाच घेतलाय. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंशी बोलून ठेवलंय, पावणेसातला माझा मेसेज गेला की त्या लेकीला पाळणाघरातून घेऊन येतात. काल पण मेसेज केला. गाडी आली होती, एसी पण चालू होता, दार ठाण्यात लागत नव्हतं.