लॅपटॉपवरून शार्पी चालवताना: आठ महिन्यांचा अनुभव

दारव्हा तालुक्यातील लग्ने, स्वागत समारंभ आणि दुर्गोत्सवाचे मंडप यांची प्रकाशयोजना हे आमचे नेहमीचे काम. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला, तेव्हापासून आमच्या 16 शार्पी (डोके फिरवून बारीक, तेज झोत टाकणारे लाइट) आणि 24 एलईडी पार (एका जागी स्थिर राहणारे रंगीत लाइट) जुन्या पर्ल या लाइट चालवण्याच्या कन्सोलऐवजी लॅपटॉपवरून चालतात.

रंग, दिशा, प्रकाश अशा एकेका गोष्टीला एकेक चॅनेल, या हिशेबाने शार्पीला प्रत्येकी 16 आणि पारला प्रत्येकी 8, असे एकूण 448 चॅनेल लागतात. डीएमएक्स म्हणजे लाइटना हुकूम पाठवण्याची पद्धत; तिच्या एका युनिव्हर्सच्या (एका संचाच्या) 512 चॅनेलमध्ये ते बसत असल्याने महागड्या लॅपटॉपची गरज पडली नाही. 8 जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप घेऊन त्यात फक्त एसएसडी बसवली, कारण बेसच्या हादऱ्याने जुनी फिरती हार्ड डिस्क अडखळते. त्यावर चालवलेले क्यूएलसी प्लस हे लाइट चालवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे.

चूक झाली ती डोंगलमध्ये, म्हणजे लॅपटॉपला डीएमएक्सच्या लाइनशी जोडणाऱ्या छोट्या उपकरणात. पहिला डोंगल स्वस्तातला होता. त्याला स्वतःचा प्रोसेसर नसल्याने डीएमएक्सच्या प्रत्येक फ्रेमची (एका वेळी जाणाऱ्या सगळ्या चॅनेलच्या आकड्यांची) वेळ संगणकालाच सांभाळावी लागे. जानेवारीतल्या एका स्वागत समारंभात नवरा-नवरीने रॅम्पवर पाऊल ठेवले आणि त्याच क्षणी अँटिव्हायरसची तपासणी सुरू होऊन शार्पींची डोकी झटके घेऊ लागली. एक बीम थेट वरमाईच्या डोळ्यांवर जाऊन थांबला, तेव्हा मंडपातील निम्मे वऱ्हाड माझ्याकडे वळून पाहत होते. त्यानंतर स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असलेला डोंगल कितीतरी पट किंमत देऊन घेतला. वेळेचा हिशेब तो स्वतः ठेवतो, लॅपटॉप फक्त आकडे पुरवतो. तेव्हापासून असा झटका एकदाही आला नाही, म्हणून लॅपटॉपवर वाचलेला पैसा डोंगलमध्ये घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही शेवटचे काही पार अधूनमधून लुकलुकत होते आणि त्याचा दोष मी बरेच दिवस सॉफ्टवेअरला देत होतो. डीएमएक्सच्या एका लाइनवर 32 उपकरणे जोडता येतात, आमची 40 होती, शिवाय मधल्या दोन वायरी डीएमएक्सच्या नव्हे, माइकच्या होत्या. स्प्लिटर (एका लाइनच्या अनेक लाइन करणारे उपकरण) लावून ट्रसवरच्या (लाइट टांगायच्या लोखंडी सांगाड्यावरच्या) शार्पी आणि पार यांच्या लाइन वेगळ्या केल्या, त्या वायरी बदलल्या आणि प्रत्येक लाइनच्या शेवटच्या प्लगमध्ये 2 आणि 3 क्रमांकाच्या पिनांमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला. लुकलुक थांबली.

अंधारात माउसने शो चालत नाही, म्हणून 9 फेडर (वर-खाली सरकवायच्या दांड्या) आणि 64 बटणांचा मिडी कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा बटणांचा पाट) जोडला आहे. त्याच्या फेडरना मोटर नाही. सॉफ्टवेअरमध्ये पान (फेडरना दिलेल्या कामांचा संच) बदलले तरी फेडर जुन्याच जागी उभे राहतात, आणि ही सवय अंगवळणी पडायला मला महिना लागला.

जनरेटर बदलताना वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण शार्पीचा तापलेला दिवा निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि त्यावर कोणत्याही संगणकाचा इलाज नाही. त्या मिनिटांसाठी पहिल्या बटणावर फक्त पारचा पिवळा सीन (आधीच ठरवून ठेवलेली प्रकाशरचना) ठेवला आहे. मे महिन्यात लॅपटॉपखाली दोन विटा ठेवतो, आणि पंख्यातली धूळ दर महिन्याला पंक्चरच्या दुकानातील हवेने, पंख्याचे पाते काडीने अडवून, काढून घेतो.

जुना पर्ल त्याच अॅड्रेसवर (लाइटच्या चॅनेल क्रमांकांवर) पॅच, म्हणजे जोडणी लावून, अजूनही गाडीत असतो. आठ महिन्यांत तो एकदाच बाहेर काढावा लागला, तेही लॅपटॉपचा चार्जर घरी विसरलो होतो म्हणून.