शौचाची तपासणी की दुर्बीण?
गुहागरच्या माझ्या मावसबहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुनाट आजार) होऊन ९ वर्षं झाली. परवा तिचा फोन आला, "ताई, यंदा कॅलप्रोटेक्टिन करू की पुन्हा कोलोनोस्कोपी?" म्हणजे आतड्याच्या सुजेत वाढणारं प्रथिन शौचात मोजायचं, की दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं.

त्रासाच्या बाबतीत तुलनाच नाही. कॅलप्रोटेक्टिनला डबीत शौचाचा नमुना दिला की झालं. दुर्बिणीला आदल्या रात्री ते खारट पाणी घोटघोट संपवायचं, रात्रभर संडासच्या फेऱ्या, आणि पहाटे पोट धरून चिपळूणची एसटी. मी तिच्यासोबत गेलेय, जीव तुटतो बघून. खर्चही दुर्बिणीचाच जास्त.

पण कळतं काय? कॅलप्रोटेक्टिनचा आकडा ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर बहुधा आहे. मात्र पोटातला साधा संसर्ग किंवा गुडघेदुखीवरची डायक्लोफेनॅकसुद्धा तो चढवते. सूज नेमकी कुठे, हे दुर्बीणच दाखवते. तपासणीसाठी आतड्याचा छोटा तुकडाही तीच काढते. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा दुसरा जुनाट आजार) की आतड्याचा क्षय, हा आपल्याकडचा पेच तर तुकड्याशिवाय सुटणं कठीण.

औषध लागू पडतंय का, हे अधूनमधून बघायला शौचाची तपासणी उत्तम. निदानच व्हायचं असेल, किंवा मोठ्या आतड्याचा आजार सुरू होऊन ८ वर्षं झाली असतील, तर कर्करोगावर नजर ठेवायला दुर्बीणच हवी. बहिणीला म्हटलं, या वेळी दुर्बीण कर, मी येते सोबत.