टॉपिक सेंटेन्स आधी ठेवावं की शेवटी?

इंग्रजी असाइनमेंट लिहिताना टॉपिक सेंटेन्सची, म्हणजे परिच्छेदाचा मुख्य दावा सांगणाऱ्या वाक्याची, जागा ठरवण्याआधी हातात खरंच टॉपिक सेंटेन्स आहे का, ते बघा. ‘जळगाव इज फेमस फॉर बनानाज’ हे नाही. ही नुसती माहिती. पुढे सिद्ध काय करणार? ‘ड्रिप इरिगेशन हॅज रिड्यूस्ड द लेबर नीडेड इन रावेर्स बनाना फील्ड्स’ यात विषय आहे आणि दावाही. आता पाणी देण्याचं काम, ठिबकमधून सोडलेली खतं, ओल झाडापुरतीच राहिल्याने घटलेलं तण, एवढंच परिच्छेदात येईल. केळीचा भाव गाळायचा.

हे वाक्य पहिलं ठेवलं, तर गठ्ठा तपासणाऱ्याला मुद्दा लगेच कळतो आणि तुमचंही भरकटणं थांबतं. परीक्षा, असाइनमेंट, रिसर्च पेपरमधली चर्चा, सगळीकडे हेच चालतं. मागच्या परिच्छेदाशी सांधा जोडायचा असेल, तर एक वाक्य त्यासाठी खर्चून दावा दुसरा आणा, बिघडत नाही.

शेवटी ठेवणं अवघड. दावा वाचकाला एकदम पटणारा नसेल तेव्हाच ते शोभतं. उदाहरणार्थ: केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोग मावा ही कीड पसरवते, काकडीवर्गीय पिकांत तो विषाणू टिकतो, म्हणून केळीशेजारी काकडी लावणं धोक्याचं. इथे पायऱ्या चढूनच निष्कर्ष येतो. मात्र पहिल्या वाक्यात निदान विषय तरी कळायला हवा, नाहीतर वाचक मध्येच सुटतो.

बहुतेकांचं टॉपिक सेंटेन्स शेवटी पडतं ते ठरवून नव्हे. ‘नाऊ अ डेज’पासून सुरुवात, मग पार्श्वभूमी, आणि लिहितालिहिता सुचलेला मुद्दा तळाशी! तो उचलून वर न्या. नेताना ‘देअरफोर’ काढा, ‘दिस’च्या जागी नेमकं नाम घाला, कारण ते ज्याकडे बोट दाखवत होतं ते आता खाली राहिलं. वाक्यात ‘अँड’ने दोन दावे जोडले असतील, तर परिच्छेदही दोन करा. दुसऱ्याचं अवतरण टॉपिक सेंटेन्स म्हणून वापरू नका. दावा तुमचा, अवतरण पुराव्याला.

तरीही ठरत नसेल, तर पहिलंच ठेवा. मग प्रत्येक परिच्छेदाचं फक्त टॉपिक सेंटेन्स कोऱ्या कागदावर ओळीने उतरवा. दोन वाक्यं एकच सांगत असतील, तर ते परिच्छेद एकत्र करा. मध्ये उडी जाणवली, तर तिथे एक परिच्छेद राहून गेलाय.