आर्ट अँड आर्काना : आठ महिने टेबलावर

दिवाळीच्या बोनसमधून घेतलं होतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स : आर्ट अँड आर्काना', म्हणजे एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फासे टाकत खेळायचं, अशा त्या नावाच्या खेळातल्या चित्रांचा इतिहास. २०१८ चं, ४४० पानं, ७०० हून जास्त चित्रं. आता जुलै संपत आलाय. शोकेसमध्ये ठेवायला म्हणून घेतलेलं पुस्तक दर रविवारी ठाण्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळताना उघडलं जातंय, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो.

आधी कबुली. ही चित्रं मी पहिल्यांदा पाहिली ती झेरॉक्समध्ये. नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या एका मित्राच्या आतेभावाने अमेरिकेहून 'प्लेयर्स हँडबुक', म्हणजे या खेळाचं नियमांचं पुस्तक, आणलं होतं. आमच्या हाती आली ती त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, स्पायरल मारलेली. मुखपृष्ठावर एक काळा डोंगर आणि त्याच्या टोकाला दोन माणसं. कित्येक वर्षं मी त्यांना गिर्यारोहक समजत होतो!

पुस्तकात ते चित्र रंगात पाहिलं आणि डोंगराची मूर्ती झाली. भलीमोठी राक्षसी मूर्ती, आणि ते दोघं तिच्या डोक्यावर चढून डोळ्यातलं रत्न उचकटतायत. खाली सरड्यासारखी माणसं मरून पडलीत, त्यांना ओढून बाजूला करणं चाललंय. एकजण तलवार पुसतोय, काहीजण नकाशा बघतायत. म्हणजे लढाई कधीच संपलीय, आता आवराआवर. डेव्हिड ट्रॅम्पियरने १९७८ मध्ये हे काढलं. पुढे १९८८ च्या सुमारास तो या धंद्यातून गायबच झाला आणि नंतर सापडला तो इलिनॉयमधल्या कार्बनडेलला, टॅक्सी चालवताना. २०१४ मध्ये गेला.

आमच्यात गोष्ट सांगायचं काम माझं. एका रविवारी मी काहीही वर्णन न करता हे पान मंडळींसमोर धरलं. आमची पार्टी (खेळातल्या पात्रांची टोळी) म्हणजे दार दिसलं की लाथ घालणारी. पण त्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, एक डोळा निघाला, तर दुसऱ्याने ती बघेल ना?" पुढचा पाऊण तास एकही फासा पडला नाही. मूर्तीच्या डोळ्यावर पट्टी कशी बांधायची, यावरच वाद.

२०१४ च्या हँडबुकचं मुखपृष्ठही माझ्याकडे आहे. टायलर जेकबसनचं काम, हात लावायला जागा नाही. पण त्यातली बाई राक्षसावर झेपावलेलीच आहे, मग मी पोरांना काय विचारू? लहानपणी 'चांदोबा'त शंकर यांचं विक्रम-वेताळाचं चित्र असायचं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार. गोष्ट दर महिन्याला वेगळी, चित्र तेच, तरी आधी तेच बघायचो. पुढे काय होणार ते त्यात नसायचं, म्हणूनच बहुतेक.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. खेळाच्या १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांमधली काही चित्रं तर मार्व्हलच्या कॉमिक्सवरून चक्क गिरवलेली आहेत. आउलबेअर (घुबडाच्या तोंडाचं अस्वल) आणि रस्ट मॉन्स्टर (लोखंड गंजवून खाणारा) ही खेळातली जनावरं स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचली. हे ऐकल्यावर भाच्याने जांभळी नाक्यावरून प्लॅस्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी आणली. त्यातला सहा पायांचा एक हिरवा प्रकार (डायनासोर असावा, दोन पाय जास्तीचे का, देव जाणे) सध्या आमच्या कॅम्पेनमधला (दर रविवारी पुढे चालणाऱ्या गोष्टीतला) सगळ्यात घातक प्राणी आहे.

तक्रारी. पुस्तक भयंकर जड आहे, मांडीवर घेऊन वाचता येत नाही. कुरियरवाल्याने एक कोपरा चेपूनच हातात दिला. चित्रांखालचा मजकूर बारीक, माझ्या चाळिशीला झेपत नाही. शेवटची प्रकरणं मी दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली, तिथे माझा जीव रमत नाही. आणि पावसाळा! जूनपासून पानांना लाटा आल्यात. कपाटात कापूर ठेवलाय, बघू.

टेबलावर हे आडवं ठेवलं की कॅरेक्टर शीट्सना (प्रत्येकाच्या पात्राच्या माहितीच्या कागदांना) जागाच उरत नाही. शेवटी आईचं पोथी ठेवायचं घडीचं व्यासपीठ मागून घेतलं. त्यावर पुस्तक इतकं नेमकं बसतं की सगळ्यांना दिसतं आणि फासे टाकायला जागाही राहते. मूर्तीचं पान आता आपोआप उघडतं, बांधणी तिथेच सैल पडलीय.

व्यासपीठ मात्र आईने परत मागितलंय. श्रावण लागतोय.