व्हर्साय: राजवाड्याला दोन तास द्या, बागेला अख्खा दिवस

पहिलंच सांगते, आमचा प्लॅन साफ चुकला होता. पॅरिसचे पाच दिवस, त्यात नवऱ्याने एक्सेलमध्ये "व्हर्साय – अर्धा दिवस" असं लिहिलेलं आणि मीही मान डोलावली, कारण डोक्यात चित्र एकच होतं, आरसेमहाल बघायचा, फोटो काढायचे, बागेत एक चक्कर मारायची आणि चारला परत. प्रत्यक्षात पॅरिसजवळच्या ह्या राजवाड्याची बाग आणि पार्क मिळून तो परिसर 800 हेक्टरच्या आसपास आहे हो! एक चक्कर म्हणे. सासूबाईंचे गुडघे आणि लेकाचे "अजून किती लांब" ह्या दोन्हीच्या मधे माझा जो काही जीव अडकला त्यावरून हे लिहितेय, जाणाऱ्यांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी वार ठरवा. सोमवारी राजवाडा बंद. आणि पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, त्यामुळे मंगळवारी सगळी पब्लिक व्हर्सायला लोटते. शनिवार-रविवार गर्दी असतेच पण तेव्हा सीझनमध्ये कारंजी चालू असतात, आता काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर कारंज्यांसाठी गर्दी सहन करा.

कारंज्यांचं गणित नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर काही दिवस कारंज्यांचे, काही दिवस नुसत्या संगीताचे (बागेत म्युझिक लागतं, पण बरीचशी कारंजी गप्प), आणि ह्या दोन्ही दिवशी बागेला तिकीट असतं. बाकीच्या दिवशी बाग फुकट. "फुकट आहे, मग तेव्हाच जाऊ" हा आपला पहिला विचार, माझाही तोच होता. पण फुकटच्या दिवशी झाडांच्या भिंतींआड लपलेली दालनं, ज्यांना तिथे बॉस्के म्हणतात, ती बहुतेक बंद असतात आणि खरी मजा त्यांच्यातच आहे. एकात 32 संगमरवरी खांबांचं गोल रिंगण आहे, दुसऱ्यात पार मादागास्करहून आणलेल्या शिंपल्यांनी मढवलेल्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं आणि समोर पूर्वी नाच व्हायचा. हिवाळ्यात तर पुतळ्यांनाही कापडं गुंडाळून ठेवतात, तेव्हा नुसत्या बागेसाठी जाऊ नका. आणि कारंज्यांच्या दिवशीही ती दिवसभर चालत नाहीत, ठरलेल्या वेळांनाच चालतात, त्या वेळा साइटवर बघून त्याभोवती बाकीचा दिवस बसवा. आम्ही लातोनाच्या कारंज्यापाशी पोचलो आणि दहा मिनिटांत पाणी बंद! लेक बेडूक मोजत होता, त्याचा हिशेब अर्धाच राहिला. बेडूक कसले, तर लातोना ही ग्रीक-रोमन देव अपोलोची आई, तिला तळ्याचं पाणी पिऊ दिलं नाही म्हणून त्या गावकऱ्यांना शाप मिळून ते बेडूक झाले अशी गोष्ट आहे, आणि शिल्पात काही माणसं अर्धी बेडूक झालेली दाखवलीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या पुराणातलीच वाटते की गं ही."

बरं पाणी बंद का करतात? तर ही रड फ्रान्सचा राजा लुई चौदावा ह्याच्या काळापासूनची आहे. एवढी कारंजी एकाच वेळी चालवायला पाणीच पुरायचं नाही. सीन नदीवर 14 प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, 1684 मध्ये ते चालू झालं, नदीचं पाणी दीडशे मीटरहून जास्त उंच चढवायचं, तरी कमीच. मग राजा बागेत फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्टी मारून पुढच्याला इशारा द्यायचे, राजा समोर आला की पाणी सोडायचं, पुढे गेला की बंद. मला हे वाचून इतकं बरं वाटलं, म्हणजे पाण्याची वेळ सांभाळणं राजालाही चुकलं नव्हतं.

आणि ह्याच राजाने बाग कशी बघावी ह्याची एक गाइड स्वतः लिहून ठेवलीय! खरंच. कुठून बाहेर पडा, कुठे थांबा, कुठे वळा, सगळं क्रमाने. सुरुवात अशी की राजवाड्यातून गच्चीवर या, पायऱ्यांच्या वर थांबून समोरचं बघा, मग लातोनाच्या वरच्या बाजूला जाऊन तिथून अपोलोचं कारंजं आणि कालवा बघा आणि मग मागे वळून राजवाडा बघा. आम्ही हे घरी परत आल्यावर वाचलं, हा आमचा गाढवपणा. तुम्ही आधी वाचा आणि निदान एवढा भाग तसाच करा. कारण आंद्रे ल नोत्रने ती बाग त्या जागी उभं राहून बघायलाच आखलीय, समोरचा कालवा 1670 मीटर लांब आहे पण वरून तो एवढा जवळ वाटतो की आपण म्हणतो चल पटकन जाऊन येऊ. नाही होत पटकन. अजिबात नाही.

आता राजवाडा. वेळेचा स्लॉट असलेलं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, पॅरिसचा म्युझियम पास (अनेक म्युझियमांचं एकत्र तिकीट) असेल तरी स्लॉट वेगळा घ्यावा लागतो. 18 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. स्लॉट असला तरी सिक्युरिटीची रांग असतेच. आम्ही सकाळी नऊचा घेतला, आणि तोच घ्या. आत गेल्यावर सगळे एकाच दिशेने सरकतात, एक खोली, दुसरी खोली, सोनं, मखमल, छतावर चित्रं, आणि खरं सांगू का, सहाव्या खोलीनंतर डोळे दमतात. पण आरसेमहाल मात्र आरसेमहालच. 73 मीटर लांब, एका बाजूला 17 खिडक्या आणि त्यांच्यासमोर 17 कमानींत 357 आरसे. आज आपल्याला आरशाचं काय कौतुक, पण तेव्हा एवढे मोठे आरसे म्हणजे व्हेनिसची मक्तेदारी होती आणि हे फ्रान्समध्ये बनवून घेतले, म्हणजे आमच्याकडेही होतं बघा, असं जगाला दाखवायचं होतं. 1871 ला जर्मन साम्राज्याची घोषणा इथेच झाली आणि 1919 चा व्हर्सायचा तह पण ह्याच हॉलमध्ये, शाळेत मार्कांसाठी पाठ केलेला तो. बाकी राण्यांचे बेडरूम, दिवाणखाने वगैरे पाहिले, छान आहेत.

दुपारी त्रियानों, म्हणजे त्याच परिसरातले दोन छोटे महाल. हे आमच्या एक्सेलमध्ये नव्हतंच! आणि सगळ्यात आवडलं ते हेच. पण ते दुपारी 12 ला उघडतं, त्यामुळे सकाळी तिकडे धावण्यात अर्थ नाही. गुलाबी संगमरवराचं मोठं त्रियानों, लहान त्रियानों, आणि त्याच्यामागे राणी मारी आंत्वानेतने बांधून घेतलेलं खेडं, तळं, गिरणी, गवताच्या छपरांची घरं, शेळ्या-मेंढ्या. राणीला खेड्यात राहायची हौस, तीही आतून सजवलेल्या खेड्यात. फ्रेंच राज्यक्रांतीत, 5 ऑक्टोबर 1789 ला, पॅरिसहून लोक चालून येतायत ही बातमी आली तेव्हा ती ह्याच बागेत होती म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणी व्हर्साय सोडून गेले ते परत आलेच नाहीत. त्या शांत तळ्याकाठी बसून हे आठवलं की जरा कसंतरी होतं. पासपोर्ट नावाचं जे तिकीट आहे त्यात राजवाडा आणि त्रियानों दोन्ही येतं, तेच घ्या, नुसतं राजवाड्याचं घेऊन पैसे वाचवू नका.

पण राजवाड्यापासून तिथे चालत जायला अर्धा तास लागतो. सासूबाईंना घेऊन हे जमणार नव्हतं म्हणून आम्ही छोटी ट्रेन घेतली, ती बागेतून त्रियानों आणि कालव्यापर्यंत फिरते, तिकीट वेगळं. घरात कोणी ज्येष्ठ असतील तर विचार न करता घ्या. कालव्यापाशी भाड्याने सायकली आणि वल्ह्याच्या होड्या पण मिळतात, लेकाने होडीचा हट्ट धरला, नवरा वल्हवत बसला आणि आम्ही दोघी काठावर हसत बसलो. पायात स्पोर्ट शूजच घाला, पुढच्या अंगणातले दगड म्हणजे टाचांच्या सँडलचा कर्दनकाळ, आणि बागेत खडी आहे.

पोचायचं कसं तर आरईआर (पॅरिसची उपनगरी रेल्वे) सी लाइन, पण शेवटचं स्टेशन "व्हर्साय शातो रीव्ह गोश" असलेलीच गाडी पकडा. सी लाइनच्या सगळ्या गाड्या तिथे जात नाहीत. आम्ही बोर्ड न वाचता चढलो आणि व्हर्साय शांतिएला उतरलो, तिथून चालत वीसेक मिनिटं, आणि नऊचा स्लॉट! सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत गेलात तर ऑरेंजरीची (थंडीत झाडं आत ठेवायची इमारत) हजारावर झाडं पेट्यांसकट बाहेर मांडलेली दिसतात, संत्री, लिंबं, डाळिंबं, गच्चीच्या कठड्यावरून खाली बघा, उतरायची गरज नाही.

माझ्याकडून बागेला पाचपैकी पाच, राजवाड्याला चार, आमच्या प्लॅनिंगला दीड. तो अर्धा पण छोट्या ट्रेनमुळे.